क्रांझमास्तरांच्या चार मात्रा

आमचं लग्न कसं जमलं, हे कुठल्याही थिएटरात तिकीट काढून ऐकता येतं. दिवे गेले की कान टवकारायचे. आधी ढोल घुमतात, मग सगळी पितळी वाद्यं पायऱ्या चढत वर येतात, आणि त्यांच्या डोक्यावर पाय देऊन एक ट्रम्पेट एकदम उंच उडी मारतो. पडद्यावर दीपगृहाचा दिवा लागतो, खाली लाटांवर अक्षरं उमटतात : हार्बरलाइट पिक्चर्स. तो ट्रम्पेट म्हणजे माझा नवरा, नुन्झिओ. आणि तो तिथे जो वाजतो ना, तो चुकून वाजतो.

खरं तर त्याने चार मात्रा थांबायचं होतं. ट्रम्पेटवाल्याचं निम्मं आयुष्य गप्प बसून मोजण्यात जातं. त्याचेच त्याला पैसे मिळतात असं मी म्हणते. पण त्या दिवशी वाद्यवृंदात हार्प वाजवायला नवी मुलगी आली होती. कंपनीच्या नावाबरोबर वाजणाऱ्या या सलामीत तिला एकही सूर नव्हता. ती आपली तारा पुसत बसली होती, आणि महाशय मोजायचं सोडून तिच्याकडे बघत होते. ती मुलगी मी. मान खाली होती, पण कळतं हो. भलत्या जागी ट्रम्पेट कडाडला, तेव्हा माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

त्या काळी सलामीला कोण विचारत होतं? सगळ्या सिनेमाचं संगीत उरकायचं, आणि उरलेल्या चार-दोन मिनिटांत हे एवढंसं पाडून टाकायचं. तरी प्रत्येक कंपनीला आपलं काहीतरी हवंच. कोणाचा सिंह गुरगुरणार, कोणाच्या डोंगराभोवती तारे, कोणाच्या मनोऱ्यावरून तारायंत्र टुकटुकणार. आमच्या वाट्याला दीपगृह आलं. आमचे मालक मिस्टर स्ट्राउड काचेच्या खोलीत बसून ऐकत होते. ट्रम्पेट कडाडला तसे ते उभेच राहिले. "हेच! हेच पाहिजे! आता कोणी हात लावायचा नाही!" म्हणाले आणि जेवायला गेले. पुढे चित्र कापणाऱ्यांनी दीपगृहाचा दिवाही त्या ट्रम्पेटपाशी ओढून आणला. झालं. चुकीवर शिक्का बसला.

सगळे खूश होते. एक माणूस सोडून.

ती सलामी लिहिली होती आमच्या क्रांझमास्तरांनी. वाद्यवृंदापुढे छडी धरून उभे राहायचे तेही तेच. मूळचे व्हिएन्नाचे. बुटके, कडक इस्त्रीचे, डब्यात साय घातलेली कॉफी घेऊन येणारे. त्यांच्या कागदावर असं होतं : ढोल, पितळी वाद्यं, आणि मग अंधार. चार मात्रा काही नाही. नंतर दिवा आणि ट्रम्पेट, दोन्ही एकदम.

"लोक लाह्या खात असतात, मिसेस," ते मला सांगायचे. "खुर्च्या शोधत असतात, बायकोशी भांडत असतात. आवाज वाढवून त्यांना गप्प करता येत नाही, ते आणखी ओरडतात. अचानक काही ऐकू आलं नाही, तरच माणूस दचकून गप्प होतो. आणि तुमच्या यजमानांनी माझी शांतता खाल्ली."

यजमान पलीकडेच बसलेले असायचे. पण मास्तर त्या दिवसापासून नुन्झिओशी बोलले नाहीत. वीस वर्षं! जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत. "मिसेस मिला, तुमच्या यजमानांना सांगा, दुसऱ्या पानावर हळू." मी मान वळवायची, "हळू रे." तो म्हणायचा, "सांग मास्तरांना, हो." हार्प वाजवायला ठेवलं होतं मला, आणि काम टेलिफोनचं.

हसायला ठीक आहे, पण मास्तरांचं दुःख मला कळायचं. एवढाली संगीतं लिहिली त्या माणसाने, ती सिनेमाबरोबर आली आणि सिनेमाबरोबर गेली. आज कोणाला आठवतात? राहिली ती एवढीशी सलामी. तिच्यावर नावही नाही, कारण नावं सगळी सलामीनंतर येतात. आणि तीही त्यांनी लिहिली तशी एकदासुद्धा वाजली नव्हती.

मग ते रुंद पडद्याचं खूळ आलं. चौपन्न साल. टीव्हीमुळे लोक घरी बसायला लागले, म्हणून मालकांनी पडदे ताणून भिंतीएवढे केले आणि आवाज चारी बाजूंनी आणला. जुनी सलामी त्या पडद्यापुढे किरकिरायला लागली. नवं दीपगृह रंगवून घेतलं, खूप मोठं, आणि त्याचं चित्रही लांबलं. मास्तरांनी ते चित्र घड्याळ लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. चार मात्रा आरामात मावत होत्या. त्याच मोसमाअखेर ते निवृत्त होऊन सांता बार्बराला बहिणीकडे जाणार होते. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

आदल्या दिवशी ते माझ्या हार्पपाशी आले. "मिसेस, तुमच्या यजमानांना सांगा, उद्या कागदाप्रमाणे. चार मात्रा मोजायच्या."

"ऐकलं त्यांनी," मी म्हटलं.

"मोजता येतात का, तेही विचारा."

नुन्झिओ मागे ट्रम्पेटमधलं पाणी झटकत होता. "सांग मास्तरांना, चारपर्यंत येतात."

त्या संध्याकाळी मी डंपलिंगचं पीठ मळत होते आणि गॅरेजमधून काहीच ऐकू येत नव्हतं. एरवी याच वेळी तो सराव करतो आणि शेजारची बाई खिडक्या लावून घेते. मला वाटलं पडला की काय हा. तशीच पिठाच्या हातांनी गेले. तर हा गाडीशेजारी ताठ उभा, ट्रम्पेट ओठांना लावलेला, गाल फुगवलेले, आणि आवाज नाही.

"काय चाललंय?"

"सराव."

"कसला?"

"न वाजवण्याचा."

"हे मात्र तुला आधीच जमायला हवं होतं. शेजारीण हार घेऊन येईल."

तो हसला नाही. ट्रम्पेट खाली घेऊन म्हणाला, "त्या माणसाची एक वस्तू माझ्याकडे राहिलीय, मिला. उद्या मला ती परत करायचीय. मला चिडवू नकोस." मग मी चिडवलं नाही. म्हणजे, जेवण होईपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागदाप्रमाणे वाजवलं. म्हणजे ते वाजवत होते, मी तारा पुसत होते. रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. ढोल. पितळी वाद्यं पायऱ्या चढत आली आणि छपराशी येऊन थांबली. पुढे काहीच नाही. चार मात्रा म्हणजे केवढा वेळ हो? एक शिंक येऊन जाईल एवढा. पण त्या एवढ्याशा वेळात माझ्या अंगावर काटा आला. मग नुन्झिओचा ट्रम्पेट आला, आणि खरंच कोणीतरी काळोखात दिवा लावल्यासारखं वाटलं. मास्तर बरोबर होते. वीस वर्षं बरोबर होते! आम्हाला टाळ्या वाजवायची चोरी, हातात वाद्यं असतात. म्हणून सगळ्यांनी जमिनीवर पाय घासले. आमच्यात तीच शाबासकी. मास्तरांनी छडी हळूच खाली केली.

आणि काचेच्या खोलीत मिस्टर स्ट्राउड आवाजवाल्या एल्मरच्या अंगावर धावून गेलेले. आम्हाला दिसत होतं सगळं. ते वायर ओढून बघत होते, एल्मर दोन्ही हात वर करून 'मी काही केलं नाही' सांगत होता. मग ते बाहेर आले.

"क्रांझ, मध्येच आवाज गेला."

"गेला नाही. मी घालवला."

"घालवला? का?"

"कागदावर तसंच आहे. पहिल्यापासून."

"अहो, थिएटरात आवाज गेला की लोक काय करतात, ठाऊक आहे? शिट्ट्या मारतात. ऑपरेटरच्या खानदानाचा उद्धार करतात. माझ्या कंपनीची सुरुवात शिव्यांनी करू? ते काही नाही. ट्रम्पेट नेहमीच्या जागी पाहिजे."

"ती नेहमीची जागा चूक आहे."

"वीस वर्षं चालली ती चूक कशी हो?"

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. पण मान ताठ. "मी चुकीच्या जागी हात देणार नाही, खूण करणार नाही. मी माझ्या कागदाप्रमाणे चार मात्रा देईन. ज्यांना चुकायचं असेल, त्यांनी आपल्या जबाबदारीवर चुकावं."

सगळा हॉल नुन्झिओकडे वळला.

"नुन्झी, बाळा," स्ट्राउड गोडीत म्हणाले, "एकदा चुकला होतास ना? तसाच चूक."

"चुकतो की," नुन्झिओ म्हणाला.

लाल दिवा लागला. ढोल, पायऱ्या, शांतता, चार मात्रा, आणि ट्रम्पेट. अगदी बरोबर, कागदाप्रमाणे. "माफ करा," नुन्झिओ म्हणाला, "सवयीने मोजलं." पुन्हा. पुन्हा बरोबर. "मास्तरांच्या छडीकडे लक्ष गेलं." तिसऱ्यांदा लवकर आला, पण असा फाटका सूर काढला की बदकावर पाय पडल्यासारखं वाटलं. व्हायोलिनवाले माना खाली घालून खुदखुदायला लागले. एल्मरने कानावरची यंत्रं काढून टेबलावर ठेवली.

"काय रे हे!" स्ट्राउडचा आवाज चढला. "साधं चुकताही येत नाही? चांगल्या चांगल्या माणसांना आयुष्यभर जमतं ते!"

"मुद्दाम चुकणं फार अवघड असतं, साहेब."

मी मागे वळून पाहिलं. नुन्झिओचे कान लालबुंद झाले होते. खोटं बोलताना ह्याचे कान लाल होतात. म्हणून तर मी ह्याच्याबरोबर निर्धास्त संसार केला. पण त्या क्षणी मी निर्धास्त नव्हते. त्याच महिन्यात सगळ्यांचे करार नवे व्हायचे होते, आणि मालकांची मर्जी फिरली की पहिल्या ट्रम्पेटची खुर्ची दुसऱ्याला द्यायला वेळ लागत नाही. मूर्खा, मनात म्हटलं, वाजव रे नीट चुकीचं. आणि खरं सांगते, त्याच वेळी मला त्याचा इतका अभिमान वाटला की हार्पच्या आडून त्याला एक पापी फेकावीशी वाटली.

तेवढ्यात युनियनचा माणूस घड्याळ दाखवत उठला. वेळ संपली होती. स्ट्राउडने टोपी डोक्यावर आपटली. "ठीक आहे. शुक्रवारी ग्लेनडेलला नव्या सिनेमाचा चाचणी खेळ आहे. तो पहिला, भोकाचा तुकडा लावा त्याला. लोक कशा शिट्ट्या मारतात ते या मास्तरांना आपल्या कानांनी ऐकू दे. आणि नुन्झी, तुझं आपण नंतर बघू."

हॉल रिकामा झाला तरी मास्तर उभेच होते. "मिसेस, तुमच्या यजमानांना विचारा, हा काय प्रकार होता?"

"सांग मास्तरांना," नुन्झिओ म्हणाला, "ओठ दुखत होते."

मास्तरांनी रुमाल काढून बराच वेळ नाक शिंकरलं.

चाचणी खेळाला लोकांना आधी सांगत नाहीत काय दाखवणार ते. साधे लोक असतात, घरून उठून आलेले. शुक्रवारी मास्तर लग्नाला जातात तसा कोट घालून आले. त्यांच्या शेजारी मी, माझ्या शेजारी नुन्झिओ. म्हणजे टेलिफोन मध्ये. मागच्या रांगेत स्ट्राउड हाताची घडी घालून बसलेले. आमच्या पुढे एक जाडा गृहस्थ बायकोला लाह्यांच्या पुड्यात हात घालू देत नव्हता. मास्तरांनी त्याच्याकडे बोट करून माझ्याकडे पाहिलं : बघा, याला मी गप्प करणार आहे.

दिवे गेले. ढोल घुमले, चारी बाजूंनी. पितळी वाद्यं चढत आली, थांबली. पडदा काळा. शांतता. जाड्याचा हात पुड्यात थांबला. मास्तरांनी माझं मनगट धरलं.

आणि अंधारात कोणीतरी पुरुष मोठ्याने गायला, "टॅ-टॅऽऽऽ!"

नुन्झिओचा सूर. नुन्झिओच्या जुन्या जागी. त्याच्यापाठोपाठ डावीकडून एक बाई, मग मागच्या रांगा, मग आमचा जाड्या तोंडात लाह्या घेऊन, अख्खं थिएटर! ट्रम्पेट आला नाही म्हणून लोकांनी आपणच वाजवून टाकला. मग एकच हशा पिकला, आणि त्या हशावर खरा ट्रम्पेट आला, दीपगृहाचा दिवा लागला, आणि टाळ्या पडल्या. चाचणी खेळात कधी सलामीला टाळ्या पडतात का? मी तरी ऐकल्या नव्हत्या.

मला मास्तरांकडे बघायचा धीर होत नव्हता. पुन्हा खाल्ली गेली होती त्यांची शांतता, आणि या वेळी हजार तोंडांनी. शेवटी पाहिलं. त्यांनी माझं मनगट सोडलं होतं आणि त्यांचा उजवा हात हवेत होता, छडी धरतात तसा.

"सगळे एकदम आले," ते पुटपुटले. "कोणी हात दिला नाही. तरी सगळे एकदम."

"आणि सुरात," नुन्झिओ माझ्यावरून वाकून म्हणाला.

मास्तरांनी मान वळवली आणि थेट त्याच्याकडे बघून म्हणाले, "थोडे खाली होते."

"मागच्या रांगा खाली होत्या. पुढचे ठीक होते."

"पुढचेही खाली. तो लाह्यावाला तर फारच."

"तोंड भरलेलं होतं त्याचं, मास्तर."

वीस वर्षांचा अबोला असा मोडला. अख्खा सिनेमा दोघं माझ्या मांडीवरून कुजबुजत भांडत होते. सिनेमात कोणी कोणाला मारलं, मला आजही ठाऊक नाही.

बाहेर लॉबीत स्ट्राउड धावतच आले. चेहरा नुसता फुललेला. "क्रांझ! मानलं बुवा! काय युक्ती काढलीत! लोक गायला लागले हो, गायला! दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या सलामीवर गातात? ठेवायची, ही तुमची शांतता कायमची ठेवायची. नुन्झी, तूही शहाणा निघालास."

माझा जीव भांड्यात पडला. नुन्झिओने माझा हात दाबला. मास्तरांना जे हवं होतं ते मालक स्वतःच्या हाताने देत होते.

मास्तर टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "नको."

"काय नको?"

"काढून टाका. ट्रम्पेट नेहमीच्या जागी आणा. सोमवारी मी स्वतः हात देतो."

"अहो, पण परवा तुम्हीच तर—"

"परवा मला वाटत होतं, हे कोणी ऐकतच नाही." त्यांनी थिएटरच्या दाराकडे बोट केलं. "वीस वर्षं मला वाटलं, लोक लाह्या खातात आणि आपण भिंतीला वाजवून दाखवतो. पण त्यांना पाठ आहे, मिस्टर स्ट्राउड. प्रत्येकाला. आज त्यांना गंमत वाटली. पुढच्या खेळाला कळेल की आपली जागा चुकते. मग ते गप्प बसतील. मला हवे होते तसे गप्प बसतील." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "नको. ते चुकले नाहीत. मी त्यांना चुकलेलं ठरवणार नाही."

स्ट्राउडना काही कळलं नाही. नुन्झिओला कळलं. तो लॉबीतल्या सिगारेटच्या यंत्राकडे तोंड करून उभा राहिला. तो सिगारेट ओढत नाही.

सोमवारी मास्तरांनी स्वतः सगळ्यांना नवे कागद वाटले. लाल दिवा लागला. ढोल झाले, पायऱ्या झाल्या, आणि त्या जागी मास्तरांनी डावा हात नुन्झिओकडे असा उघडून धरला, एखाद्याला घरात बोलवावं तसा. सूर कसा आला म्हणून सांगू! तोच सूर आता तुम्ही थिएटरात ऐकता. पहिल्याच वेळी एल्मरने आतून अंगठा दाखवला. स्ट्राउड खूश होऊन निघून गेले. लोक वाद्यं पेटीत ठेवायला लागले.

नुन्झिओ मात्र उभा होता. "मास्तर, एकदा जुन्या कागदाप्रमाणे वाजवू. लाल दिव्याशिवाय. कोणासाठी नाही, तुमच्यासाठी."

मास्तरांनी हॉलभर पाहिलं. उघडलेल्या पेट्या पुन्हा मिटल्या, जो तो खुर्चीवर बसला. एल्मर यंत्र बंद करून काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि दाराला टेकून उभा राहिला. मी फडकं खाली ठेवलं.

ढोल घुमले. पितळी वाद्यं वर चढली आणि थांबली. एक, दोन, तीन, चार. मास्तरांचा हात उठला नाही. डोळे मिटलेले. पाच झाल्या, सहा झाल्या. नुन्झिओच्या ओठांना ट्रम्पेट लागलेला होता, छाती भरलेली होती, आणि तो थांबला. आठ झाल्या, दहा झाल्या. कोणी खुर्ची हलवली नाही, कोणी खोकलं नाही. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचं नव्हतं, कारण पुसलं असतं तर तेवढाही आवाज झाला असता. शेवटी मी मोजायचं सोडून दिलं.

मग मास्तरांनी डोळे उघडले, हात वर केला, आणि नुन्झिओने सूर लावला.